बूस्टरराव

डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, ॲलन, मॅकिनी, फ्रिस्को ही गावं एकमेकांना खेटून वसली आहेत. एक संपून दुसरं कुठं लागलं, हे पाण्याच्या टाकीवर रंगवलेल्या नावावरून कळतं. या प्रत्येक गावात निदान एक तरी मराठी बूस्टरराव सापडतात. त्यांचं खरं नाव ऑफिसच्या बिल्ल्यावर आणि ग्रीन कार्डाच्या अर्जावर असतं, आणि दोन्हीकडे त्याचं स्पेलिंग वेगळं असतं. वस्तीत त्यांना ओळखतात ते हायस्कूलच्या फुटबॉल संघाच्या बूस्टर क्लबचे कार्यकर्ते म्हणून. बूस्टर क्लब म्हणजे शाळेच्या संघासाठी पैसा आणि माणसं उभी करणारं पालकांचं नि गावकऱ्यांचं मंडळ. पावत्या, खजिनदार, हिशोबावरून रुसवेफुगवे, सगळं त्यात आलं.

आमच्याकडचे बूस्टरराव मूळचे कोल्हापूरचे. पन्नाशीला टेकलेले, एका बँकेच्या संगणक विभागात मोठ्या हुद्द्यावर. ऑगस्टच्या अखेरीस मोसम सुरू झाला, की शुक्रवारी दुपारी तीननंतर त्यांच्या कॅलेंडरवर 'क्लायंट व्हिजिट' असं लिहिलेलं दिसतं. चार वाजता ते शाळेच्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडत असतात. अंगात शाळेच्या रंगाचा टी-शर्ट, डोक्यावर त्याच रंगाची टोपी, गळ्यातल्या नाडीला चार ओळखपत्रं, काखेत बसायची गादी आणि हातात पारदर्शक पिशवी. सुरक्षेच्या नियमामुळं स्टेडियमवर पिशवी आरपार दिसणारीच न्यावी लागते. त्यामुळं बूस्टरराव रुमालाखाली चिवडा दडवून नेतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

नवखा माणूस साहजिकच विचारतो, "मुलगा संघात आहे वाटतं?"

मुलगा बँडमध्ये आहे. सुझाफोन वाजवतो. सुझाफोन हे अंगाभोवती वेटोळं घालून खांद्यावर घ्यायचं प्रचंड मोठं वाद्य. मध्यंतरात बँड मैदानात उतरला, की बूस्टरराव उभे राहून शेजाऱ्याला दाखवतात, "तो बघा आमचा." शेजाऱ्याला पितळेशिवाय काही दिसत नाही. "तो हो, डावीकडून तिसरे बूट." मुलानं आयुष्यात तो लंबगोल चेंडू हातात धरलेला नाही. बापानं धरला, एकदा, लिलावात. खेळाडूंच्या सह्या असलेला होता, आणि पैसे क्लबलाच जाणार होते.

बँडला बापमाणसांची मोठी फौज लागते. मरिम्बा, ढोल, पडदे, चाकांवरची व्यासपीठं ट्रकमधून उतरवायची, मैदानात ढकलत न्यायची आणि सात-आठ मिनिटांत पुन्हा बाहेर काढायची. घरी भाजीची पिशवी उचलताना ज्यांची कंबर धरते, ते बूस्टरराव हजारो लोकांसमोर मरिम्बा ढकलत धावतात. सौ. बूस्टरराव वरून पाहत असतात. "अहो, गॅरेजमधला माठ दोन महिने तिथंच आहे," एवढंच त्या घरी गेल्यावर म्हणतात.

हे वेड टेक्सासात लागलं असं कुणी समजू नये. त्याचं मूळ शिवाजी पेठेत आहे. कोल्हापुरात फुटबॉल पोसला तो तालमींनी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ अशा संघांत सामना असला, की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठाच्या पेठा येऊन बसतात आणि बाहेर पोलिसांचा बंदोबस्त लागतो. बूस्टरराव पोरगे असताना तालमीच्या संघाच्या बुटांसाठी घरोघर वर्गणी मागत हिंडले आहेत. "नाही" म्हणणाऱ्याच्या दारातून हलायचं नाही, हे शिक्षण तिथलं. टेक्सासातल्या दंतवैद्याकडून, टायरवाल्याकडून आणि तीन रियल इस्टेट एजंटांकडून त्यांनी धावफलकावरच्या जाहिराती मिळवल्या, त्या याच विद्येच्या जोरावर. २०१७ सालच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, ही माहिती त्या दंतवैद्याला दात दाखवण्याआधीच मिळाली.

इथला फुटबॉल वेगळाच, तो मात्र त्यांना वेळानं कळला. आपल्या संघाकडे चेंडू असताना प्रेक्षकांनी गप्प राहायचं, म्हणजे पोरांना एकमेकांच्या खुणेच्या हाका ऐकू जातात, आणि समोरच्यांकडे चेंडू गेला की गदारोळ करायचा, असा इथला रिवाज. पहिल्या मोसमात बूस्टररावांनी बरोबर उलट केलं. दहा यार्ड पुढं सरकायला चार संधी असतात, आणि चौथ्या संधीला बहुतेक वेळा चेंडू लाथाडून समोरच्यांच्या हवाली करतात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कळवळून ओरडले, "अरं, फुकट कशाला देताय!" पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या टेक्सन बाईंनी मागं वळून मान डोलावली. भाषा कळली नसावी, भावना पोचली होती.

पण बूस्टररावांचं खरं मैदान हिशोबाचं. जेवायला आलेल्या पाहुण्याला तांबडा-पांढरा वाढायच्या आधी ते घरपट्टीचं बिल दाखवतात. टेक्सासात राज्याचा आयकर नाही. शाळांचा बराचसा भार घरपट्टीवर, आणि शाळेच्या घरपट्टीचे दोन भाग. पहिला रोजच्या खर्चाचा: शिक्षकांचे पगार, वीज, बसचं डिझेल. दुसरा कर्जफेडीचा: रोखे काढून ज्या इमारती बांधल्या त्यांचे हप्ते. सॅन अँटोनियोतल्या एजवूड या गरीब शाळा-जिल्ह्याच्या दाव्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये जुनी पद्धत मोडीत काढली. त्यानंतर १९९३ च्या कायद्यानं श्रीमंत शाळा-जिल्ह्यांच्या घरपट्टीतला वाटा गरिबांकडे वळवला. लोक या कायद्याला रॉबिन हूड म्हणतात.

"आता गंमत ऐका," बूस्टरराव पाहुण्याचा हात धरतात. "रॉबिन हूड पहिल्या भागाला हात लावतो. दुसऱ्याला नाही. आणि दुसऱ्या भागातनं शिक्षकाला एक पैसा पगार देता येत नाही."

"म्हणजे ज्या वर्षी शिक्षक कमी केले, त्याच वर्षी स्टेडियम बांधलं तरी चालतं?"

"कायद्यानं एकदम बरोबर!" बूस्टरराव आनंदानं सांगतात आणि मग रस्सा येतो.

उदाहरण म्हणून ॲलन हाताशीच आहे. लाखाच्या आसपास वस्ती, आणि हायस्कूल ठरवून एकच ठेवलेलं, पाच हजारांवर विद्यार्थ्यांचं. २००९ मध्ये मतदारांनी ११ कोटी ९० लाख डॉलरचे रोखे मंजूर केले. त्यात नाट्यगृह होतं, बसचं आगार होतं आणि जवळजवळ ६ कोटींचं, १८,००० आसनांचं स्टेडियम होतं. २०१२ मध्ये ते उघडलं. २०१४ च्या फेब्रुवारीत काँक्रीटला तडे गेल्याचं आढळून बंद झालं. तो सबंध मोसम ॲलनचा संघ दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळला आणि राज्याचा अजिंक्य ठरला. दुरुस्तीचा खर्च गावावर पडला नाही, आणि २०१५ मध्ये दारं पुन्हा उघडली. यातून धडा काय घ्यायचा, असं विचारलं तर बूस्टरराव म्हणतात, "कंत्राटदार बघून निवडावा." संघ स्टेडियमशिवायही जिंकला, हा दुसरा धडा त्यांच्या वहीत नाही.

शेजारच्या मॅकिनीनं २०१६ मध्ये २२ कोटींचे रोखे काढले आणि २०१८ मध्ये १२,००० आसनांचं, सुमारे ७ कोटींचं स्टेडियम उभं केलं. उद्घाटनाआधी त्याच्याही काँक्रीटमध्ये तडे दिसले. फ्रिस्कोनं वेगळी वाट धरली. शाळा लहान ठेवायच्या आणि त्यांची संख्या वाढवायची, म्हणजे जास्त मुलांना संघात, बँडमध्ये जागा मिळते. तिथल्या शाळा डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाच्या सरावाच्या बंदिस्त स्टेडियममध्ये सामने खेळतात. छप्पर असलेलं, १२,००० आसनांचं, २०१६ चं. दक्षिणेला ह्यूस्टनजवळच्या केटीत २०१३ मध्ये मतदारांनी स्टेडियमचा रोखा पाडला, २०१४ मध्ये मंजूर केला, आणि २०१७ मध्ये जुन्या स्टेडियमच्या शेजारीच नवं उभं राहिलं. आणि डॅलस शहरातल्या शाळा मोजकी जुनी स्टेडियमं आपसात वाटून घेतात. आमच्या गावापासून तिथवर गाडीनं अर्धा-पाऊण तास. बूस्टरराव या सगळ्यांचे आकडे तोंडपाठ म्हणतात, फक्त डॅलस शहर आलं की विषय बदलतात.

रोख्यांच्या निवडणुकीत त्यांच्याइतका राबणारा कार्यकर्ता गावात नाही. अंगणात पाटी त्यांची पहिली लागते. रस्त्यात भेटेल त्याला ते व्याजाचा दर समजावतात. शेजारच्या नागरिकांना मतदानाची तारीख, वेळ, केंद्र, पार्किंग सगळं सांगतात, म्हाताऱ्यांना गाडीतून नेऊन सोडतात. स्वतः मात्र केंद्राबाहेर थांबतात. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्यांची कितीतरी वर्षं गेली, आणि मत असतं ते नागरिकाला. त्यांच्या नावावर घर आहे, घरावर कर आहे, करावर मत नाही. याचं दुःख त्यांना स्वतःसाठी नसतं. "एक मत कमी पडलं तर?" ही चिंता.

२०१९ पासून टेक्सासात हजाराहून जास्त आसनांचं स्टेडियम मतपत्रिकेवर वेगळा प्रश्न म्हणून मांडावं लागतं. शाळेच्या खोल्यांच्या आडून ते आता आत शिरत नाही. शिवाय ही घरपट्टीतली वाढ आहे, असं मतपत्रिकेवरच छापावं लागतं. २०२३ मध्ये जवळच्या प्रॉस्पर गावानं ९ कोटी ४० लाखांचं स्टेडियम नामंजूर केलं. त्या आठवड्यात बूस्टररावांच्या घरी श्रीखंड व्हायचं होतं, ते पुढं ढकललं गेलं.

शनिवारी सकाळी नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल असतो. बूस्टररावांची माणसं अमेरिकाभर पसरली आहेत आणि प्रत्येकाच्या मुलाची शाळा वेगळ्या कायद्याखाली आहे. त्यामुळं हा कॉल तब्येतीच्या चौकशीनं सुरू होतो आणि घरपट्टीवर संपतो.

बॉस्टनच्या उपनगरातले साडू पहिले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० च्या कायद्यानं गावाच्या घरपट्टीची वाढ वर्षाला अडीच टक्क्यांवर बांधून टाकली. त्यापुढं जायचं तर गावाचं मत घ्यायचं. मग पुष्कळ शाळा खेळणाऱ्या मुलांकडूनच फी घेतात.

"काल सामन्याला माणसं किती होती?" बूस्टरराव मुद्दाम विचारतात.

"बँड धरून?"

"धरून."

"मग बरी होती."

पण साडूंकडे एक हुकमाचं पान आहे. नीडम आणि वेलस्ली या तिथल्या दोन शाळा थँक्सगिव्हिंगच्या सामन्यात १८८२ पासून एकमेकींशी खेळताहेत. त्या एका सकाळी गारठ्यात सगळं गाव कुडकुडत येतं, परगावी गेलेली पोरंही येतात. "तुमच्या ॲलनच्या स्टेडियमपेक्षा आमची खुन्नस १३० वर्षांनी मोठी," साडू म्हणतात. यावर टेक्सासला उत्तर नाही.

कॅलिफोर्नियातला मेव्हणा संघाला किती पैसे देतो, ते सांगत नाही. तिथं १९७८ पासून घरपट्टीला एक टक्क्याची मर्यादा आहे आणि करासाठी धरलेली घराची किंमत वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढते. तीस वर्षं एकाच घरात राहिलेला शेजारी मेव्हण्याच्या तुलनेत किरकोळ कर भरतो. त्यात १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं शाळेनं खेळ, संगीत, नाटकासाठी फी घेणं बंद केलं. मग शाळेच्या मंडळाकडून 'ऐच्छिक देणगी'ची ई-मेल येते. तीत सुचवलेली रक्कम असते. पंधरा दिवसांनी ऐच्छिक देणगीची आठवण येते. नंतर शेवटची आठवण. त्यानंतर आणखी एक. "ही सक्ती नाही रे," बूस्टरराव त्याला समजावतात, "ही वर्गणी आहे."

ओहायोतली मावसबहीण कँटनजवळ राहते. तिचं बोलणं आलं, की मात्र बूस्टरराव टोपी काढतात. शेजारचं मॅसिलन, तीसेक हजार वस्तीचं, पोलादाच्या गिरण्यांचं जुनं गाव. तिथल्या हायस्कूलच्या बूस्टर क्लबाची स्थापना १९३४ ची. मंदीच्या काळात रोजगार द्यायला काढलेल्या सरकारी योजनेतून १९३९ मध्ये स्टेडियम बांधलं, सोळा हजारांवर लोक बसतील असं. गावात मुलगा जन्मला, की पाळण्यात ठेवायला बूस्टर क्लब छोटा फुटबॉल देत आला आहे. कँटनच्या मॅकिन्ली शाळेशी सामने १८९४ पासून. गिरण्यांची नोकरी गेली, माणसं कमी झाली, पण शुक्रवार तसाच राहिला. ओहायोत शाळांचा कर वाढवायला लोकांकडून वेळोवेळी मत घ्यावं लागतं. मॅसिलनमध्ये अशा एका मतदानाची आणि त्या वर्षीच्या मोसमाची गाठ कशी पडली, त्यावर 'गो टायगर्स!' नावाचा माहितीपट २००१ मध्ये निघाला. बूस्टररावांनी तो मुलाच्या मुंजीत प्रोजेक्टरवर लावायचा घाट घातला होता. गुरुजींनी हात जोडले.

फ्लोरिडात नातेवाईक कुणी नाही, पण तिथली एक चित्रफीत बूस्टररावांनी सगळ्यांना पाठवली आहे. ओकीचोबी सरोवराकाठी पहोकी आणि बेल ग्लेड ही उसाच्या पट्ट्यातली गरीब गावं. काळ्याभोर जमिनीत ऊस, तोडणीआधी फड पेटवतात, आतले ससे बाहेर पळतात आणि पोरं त्यांच्या मागं धावतात. त्या धावण्यातून तयार झालेले पाय पुढं व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले, आणि एवढ्याशा गावांमधून गेले याचं साऱ्या देशाला नवल आहे. फ्लोरिडात फुटबॉल शिकवण्याबद्दल शिक्षकाला पगारावर मिळतात ते काही हजार डॉलर. टेक्सासच्या मोठ्या शाळेतला मुख्य कोच वर्षाला लाखावर डॉलर सहज घेतो. मुलं फ्लोरिडाकडे, पैसा टेक्सासकडे. हे सगळं पाहून कोल्हापूरच्या माणसाला एकच प्रश्न पडला, "एवढा ऊस आहे, मग कारखान्याचा चेअरमन काय करतो?"

एका दिवाळीला बूस्टररावांनी कुटुंबाला ओडेसाला नेलं. पश्चिम टेक्सासातलं तेलाचं शहर, आमच्यापासून पाच तासांहून लांब. एच. जी. बिसिंजर यांचं 'फ्रायडे नाइट लाइट्स' हे १९९० चं पुस्तक तिथल्या पर्मियन हायस्कूलच्या संघावर आहे. पुढं त्याचा चित्रपट झाला, मालिका झाली. तिथलं रॅटलिफ स्टेडियम १९८२ चं, तेलाच्या भरभराटीतलं. पुस्तकात फुटबॉलवरचा खर्च आणि इंग्रजीच्या वर्गावरचा खर्च शेजारी शेजारी मांडला आहे. गावाला ते तेव्हा फार झोंबलं. बूस्टररावांनी पुस्तक वाचलेलं नाही. त्यांनी स्टेडियमच्या दाराशी फोटो काढला.

परतताना आडवाटेच्या एका खेड्यात दिवे दिसले म्हणून ते थांबले. शंभरभर मुलांची किंवा त्याहून लहान शाळा असली, की टेक्सासात सहा-सहा जणांचा फुटबॉल खेळतात. हा प्रकार १९३४ मध्ये नेब्रास्कात स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकानं काढला. मैदान लहान, ८० यार्ड लांब आणि ४० रुंद. दहाऐवजी पंधरा यार्ड सरकावं लागतं, आणि उत्तरार्धात एक संघ ४५ गुणांनी पुढं गेला की खेळ तिथंच थांबवतात. कडेला पिकअप गाड्या लावून लोक टपावर बसले होते. धावफलकावर जाहिरात एकाच दुकानाची. बूस्टररावांनी सवयीनं विचारलं, "तुमचा बूस्टर क्लब कुठाय?" तिकिटं फाडणाऱ्या बाईंनी हात फिरवून सगळ्या गाड्या दाखवल्या.

टेक्सासचा एक कायदा त्यांना सर्वांत लाडका आहे. १९८४ मध्ये उद्योगपती रॉस पेरो यांच्या समितीच्या शिफारशीनंतर ठरलं, की ज्याचा एखाद्या विषयात शंभरपैकी सत्तरच्या खाली गुण आला त्यानं मैदानात उतरायचं नाही. आधी सहा आठवडे घरी बसावं लागे, पुढं ते तीन झाले. हा कायदा आणणारे गव्हर्नर मार्क व्हाइट १९८६ ला पडले, आणि त्यात कोचांच्या रागाचा वाटा होता असं अजून बोललं जातं. बँडलाही तो लागू आहे. बूस्टररावांच्या घरात सत्तर ही संख्या उच्चारायची सोय नाही. मुलाला बीजगणितात एकदा ९१ मिळाले, तेव्हा त्यांनी त्याला गंभीरपणे सांगितलं, "सत्तरच्या किती जवळ आलास, कळतंय का?"

इतर कायदे त्यांना तितके आवडत नाहीत. टेक्सासात कोचला कौतुक म्हणून वर्षाला ५०० डॉलरपेक्षा जास्त किमतीची भेट देता येत नाही. बूस्टररावांनी फेटा, कोल्हापुरी चपला आणि गुळाची ढेप अशी भेट दिली, पावत्या जोडून. आता सराव संपला की कोच चपला घालतात, ढेपेचं काय करायचं असतं हे त्यांना अजून उमगलेलं नाही. मुलामुलींत भेद न करण्याचा १९७२ चा केंद्रीय कायदा देणगीदारांच्या पैशालाही गाठतो. मुलांच्या संघाला बूस्टरांनी काही चैन पुरवली, तर शाळेला मुलींच्या संघांना त्या तोडीचं द्यावं लागतं. हे प्रथम ऐकलं तेव्हा बूस्टरराव हादरले. त्यांच्या मुलीनं सॉफ्टबॉल घेतल्यावर ते या कायद्याचे गावातले पहिले भाष्यकार झाले.

घरातला फायद्यात चाललेला व्यवहार मात्र सौ. बूस्टररावांचा. टेक्सासात शाळेच्या होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थी परत येतात त्या सामन्याच्या दिवशी, मुली छातीवर कागदी-कापडी शेवंतीचं अवाढव्य फूल लावतात. त्याखाली गुडघ्यापर्यंत फिती, घुंगरू, चिमुकलं अस्वल, कधी दिवेसुद्धा. शेकडो डॉलर मोजणारे आईबाप आहेत. आयुष्यभर गौरींची आरास केलेल्या बाईंना हे काय अवघड! त्यांच्याकडे जुलैपासून मागण्या नोंदवल्या जातात. "अहो, तुमच्या क्लबाला मी यंदा देणगी देणार आहे," असं त्यांनी गेल्या वर्षी जाहीर केलं, आणि बूस्टररावांना घरातल्या घरात पावती फाडावी लागली.

या मेमध्ये मुलगा हायस्कूल संपवून, सुझाफोन शाळेला परत करून ऑस्टिनला कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेला. आम्हाला वाटलं, सुटलं गाव. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी तीन वाजता कॅलेंडरवर 'क्लायंट व्हिजिट' आलं. कोणी छेडलंच, तर बूस्टरराव सांगतात, की गावात ओळखी झाल्या त्या याच पायऱ्यांवर. या गावांना पेठ नाही, पार नाही, चौक नाही. दहा वर्षांपूर्वी जिथं कुरण होतं तिथं हजारो घरं आली, आणि शेजारी शेजाऱ्याला भेटतो तो शुक्रवारी रात्री, नाचोच्या रांगेत. तेवढं खरं आहे. त्यांच्या बाकी सगळ्या आकडेवारीपेक्षा ते जास्त पटतं.

एवढ्या शनिवारच्या कॉलनंतर माझं मत झालं ते असं. जीव लावणारी माणसं मॅसिलनला आहेत, पहोकीला आहेत, सहा पोरांच्या मैदानाकडेला आहेत आणि शाहू स्टेडियमवरही आहेत. पैसा मात्र त्या जिवाच्या मागं जात नाही. जिथं घरांच्या किमती चढ्या आहेत आणि कायदा कर्ज काढू देतो, तिथं तो जातो. बूस्टररावांना हे पटत नाही. ते म्हणतात, आमचं प्रेमच ७ कोटींचं आहे.

तेव्हा टेक्सासात घर घेणार असाल, तर स्वयंपाकघर नंतर बघा, आधी घरपट्टीचे दोन्ही भाग वेगवेगळे वाचा. मत असेल तर स्टेडियमचा प्रश्न नीट वाचून मग काय ते ठरवा, बूस्टरराव बाहेर उभे असले तरी. आणि कोल्हापुरात राहत असाल, तर तालमीची पोरं दाराशी आली की वर्गणी द्या. तिथं घरपट्टी वाढवून संघाला बूट घेऊन देणारा कायदा नाही.